पाडव्याला न उघडलेलं कुरण

आई, यंदा मी दिवाळीच्या पाडव्याला कुरण कापणीला उघडू दिलं नाही आणि अर्धं गाव माझ्यावर फुगून बसलंय. तू गेल्याला तीस वर्षं होत आली. वरकुट्याच्या वाटेवरचं ते गवताचं माळरान तू राखायचीस, आता ग्रामसभेनं ते माझ्या गळ्यात घातलंय. "तिची लेक हाय, हिलाच द्या," म्हणाले, आणि मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. शेळीच्या करडासाठी कुरणातलं पवन्या गवत कापून पेंढी घरी आणली होती, शाबासकी मिळेल म्हणून. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. पिठाच्या हातानंच एक तुरा उपटलास आणि माझ्या तळहातावर चोळलास. हिरवा, चिकट डाग उठला. "ह्यात दाना कुठं हाय? गवत अजून बाळंत व्हायचंय, आन् तू इळा लावलास?" मारलं नाहीस, पण दिवसभर बोललीही नाहीस. मला तुझा फार राग आला होता.

कुरण कधी उघडायचं हे तू कुणाला विचारत नव्हतीस. गवतातून एक चक्कर मारायची आणि लुगड्याकडं बघायचं. कुसळं भरभरून चिकटली की दाणा पिकला, मातीत पडायला लागला, मग उघडा. नाही चिकटली तर चार दिवसांनी पुन्हा चक्कर. ती कुसळं वेचायचं काम माझ्याकडं, आणि मी बोटं टोचून घेत कुरकुरायची. तेव्हा हस्ताचा पाऊस पडून जायचा, मग कडक ऊन पडायचं आणि दाणा दिवाळीच्या सुमाराला पिकायचा. गावाला वाटलं, तू पाडवा बघतेस.

आता तसं राहिलं नाही गं. मे महिन्यातच पाऊस असा कोसळतो की माळ हिरवा होतो, आणि नंतर जूनभर ढगांचा पत्ता नसतो. कोवळं गवत करपतं. पवन्याचे जुने ठोंब मुळातून परत फुटतात, पण नव्या बियांतून उगवलेलं गेलं ते गेलं. पुढं पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो, ऊन मिळत नाही, तुरे हिरवेच राहतात. यंदाही तेच. पाडव्याला माणसं विळे घेऊन आली, सगळ्यांत पुढं शेजारचे तात्या, तीन म्हशींचे धनी.

"पाडवा झाला की गं. रीत हाय आपली."

"पाडवा आला तात्या, पर दाना आला न्हाय. पंधरा दिस थांबा."

"तवर म्हशींनी काय उपास धरायचा?"

लोक हसले. मलाही हसू आलं, पण मी वाटेतून हलले नाही. तात्यांनी तेवढे दिवस म्हशींना उसाचे वाढे, शेंड्याचा हिरवा पाला घालून काढले आणि माझ्याशी बोलणं टाकलं. पंधरा दिवसांनी मी कुरणातून परतले तेव्हा साडी कुसळांनी भरली होती. वेचता वेचता रडू आलं. तुला सही करता येत नव्हती, पण बघायला तूच शिकवलंस, आई. माझ्याजवळ जे काही शहाणपण आहे ते तुझं आहे. तुझ्यासमोर हे कधी बोलले नाही, आणि आता हा कागद पाठवायचा तरी कुठं?

एक मात्र राहिलं. गेल्या वर्षी कुरण पाडव्यालाच उघडलं होतं. यंदा तिथं जागोजागी उघडी माती दिसली, लोकांनी विचारलं, तर मी म्हणाले, पावसानं घात केला. पाऊस लहरी होता हे खरं. पण त्या दिवाळीत दाणा पिकलाय का बघायला मी कुरणात पाऊलच टाकलं नव्हतं. बारामतीहून लेक-जावई आले होते, करंज्या तळायच्या होत्या. फोनवरच सांगितलं, पाडवा आहे, उघडा. तात्या अजून चावडीवर पावसालाच शिव्या देतात, आणि मी मान डोलावते.