हशौवूची बरणी

लाडके शुह्वा,

तुझी ताई ठणठणीत आहे! तू दिलेली हशौवूच्या वेलीच्या मुळांची पूड खाऊन दोन केस काळे झाल्यासारखे वाटले, मग काय, चमच्याऐवजी वाटीनेच खायला लागले. डोळे पिवळे झाले, तांदळाची पेजसुद्धा नकोशी झाली.

डॉक्टरणीने विचारलं, "आजी, काही औषध घेता?"

मी ठणकावलं, "छे! औषधाला मी शिवतसुद्धा नाही."

खोटं कुठे बोलले? हशौवू म्हणजे आपलं ताकदीचं खाणं, त्याला औषध कोण म्हणतं? शेवटी सूनबाईने बरणीच डॉक्टरणीसमोर आपटली. "हेच आमच्या सासूबाईंचं 'काही नाही'!"

डॉक्टरीण म्हणाली, "यानेच यकृत सुजलंय." पूड बंद झाली आणि मी सुधारले. काल चांगला तिखट टोफू मागितला, तर सून म्हणते, "आता भांडायला बऱ्या झालात."

पण तूही तीच पूड खातेस, आणि तुझा मुलगा म्हणतो, आईला जेवण जात नाही. फोनवर ओरडले की तू फोन ठेवतेस. हे पत्र वाचून हसशील आणि आणखी एक चमचा घेशील. म्हणून हे पोस्टात टाकतच नाही. उद्या पहिल्या बसने मीच ते घेऊन येते. दारातच वाच आणि चपला घाल, दवाखान्यात जायचंय.

तुला ओढत नेणारी,
शुफेनताई