आईच्या लॅपटॉपची चिप

सलिल,

तू गाढ झोपला होतास, म्हणून न उठवताच ऑफिसला निघाले. आईचा लॅपटॉप उघडला रे! टेबलावर चालूच ठेवलाय.

तू तो चार्ज होत नाही म्हणून दुरुस्तीला दिलास आणि दुकानदाराने आख्खा बोर्डच बदलला. डिस्कच्या कुलपाची किल्ली जुन्या बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपमध्ये होती, म्हणून नव्या बोर्डावर डिस्क उघडेचना. यात तुझी काहीच चूक नव्हती. काल मी जुना बोर्ड मागितला, तर दुकानदार म्हणाला, "त्याचं काय लोणचं घालणार?" पण त्यानेच तो भंगारातून शोधला, चार्जिंगची पिन बदलली आणि परत बसवून दिला.

आई गेल्यावर तिचा आवाज तेवढा त्यातच उरला होता ना? पहाटे एक रेकॉर्डिंग लावलं. ती कुणाला तरी गाणं शिकवत होती. मधेच थांबून म्हणाली, "सलिल, दार उघड रे, बेल वाजतेय." मी खरंच दाराकडे बघितलं. अजून अर्धवट झोपेतच असल्यासारखं वाटतंय.

पुढचं मी ऐकलेलं नाही, संध्याकाळी दोघं मिळून ऐकू. आज तरी पोटभर जेव.

ताई