साइडबोर्ड आणि खीर

८ मे १९९४, सातारा
साइडबोर्ड आला एकदाचा. वाईच्या सुताराने टेंपोतून आणून दिला. सागवानी, खाली दोन कपाटं, वर ड्रॉवर. हे लष्करात वीस वर्षं ऑफिसर मेसमध्ये वाढपी होते, तिथल्यासारखाच हुबेहूब करून घेतलाय. सारखा हात फिरवतायत.
म्हटलं, "भांडी ह्यावर, नि जेवायचं कुठे?" तेव्हा ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही जेवतो खाली, चटईवर. टेबल करायचं राहिलंच! हसून हसून माझी पुरेवाट.

९ मे
काल फार हसले, चुकलंच. आज जेवताना म्हणाले, "वीस वर्सं त्येच्या शेजारी हुबा राहून सायबांस्नी वाढलं. एकदा आईला तसं वाढायचं हाय." एवढंच. मग भाकरी मागितली.

२१ मे
सासूबाई म्हसवडहून आल्या. हे बाजारात गेलेले. परत येऊन बघतात तर साइडबोर्ड लख्ख पुसलेला, वर कोनाड्यातली बुद्धमूर्ती, पुढे मेणबत्ती.
"भगवंताला येवढं मोठं आसन केलंस! लय गुनाचा हाईस रं."
ह्यांचं तोंड बघण्यासारखं. "व्हय" म्हणाले! लष्करातला गडी, आईपुढे गार.

२३ मे
मी शिकवते त्या शाळेला सुट्टी, त्यामुळे दिवसभर तमाशा बघतेय. हे मूर्तीपाशी जातात, परत येतात. "तूच सांग आईला." मी कशाला? दोघंही शूर.

२४ मे
साइडबोर्ड कशासाठी केला ते शेवटी मीच सांगितलं. सासूबाईंनी साइडबोर्डवरून हात फिरवला.
"त्यो असा हुबा ऱ्हायचा व्हय गं? पत्रात कवा लिवलं न्हाई त्यानं."
मूर्ती मात्र हलवली नाही. "उद्या पुनव हाय. भगवंताम्होरं खीर ठिवू. तितनंच वाढू दे त्याला."

२५ मे, बुद्धपौर्णिमा
वंदना झाली. साइडबोर्डवर मूर्तीपुढे खीर, पुऱ्या, बटाट्याची भाजी. ह्यांनी पांढरा शर्ट घातला, हातावर टॉवेल घेतला. कमरेत वाकून सासूबाईंच्या ताटात पहिली पुरी वाढली. मला भरून आलं. लिहितानाही येतंय.
सासूबाई ताटाला हात लावेनात.
"बस खाली."
"आई, मी वाढतोय न्हवं?"
"लय हुबा ऱ्हायलास. बस म्हन्ते न्हवं."
उठल्या, टॉवेल काढून घेऊन स्वतःच्या खांद्यावर टाकला, खिरीचं पातेलं उचललं. हे मांडी घालून बसले, मान खाली. डोळे पुसले ते मी बघितलं नाही असं दाखवलं.
मूर्ती हलवायचा विषय निघाला नाही. हे वाटी पुढे करत होते, नि सासूबाई वाढत होत्या.