ओळखू न आलेला नंबर

बाबा, आज मी ऑफिसात एका माणसाला मारलं. एक थोबाडीत देऊन थांबले नाही. त्याचा चष्मा उडून टेबलाखाली गेला, ओठ फुटला, आणि मागून दोघींनी माझे हात धरले तेव्हा कुठे मी थांबले. माझ्या हाताखाली कोड लिहिणारा, बायकोपोरांचा माणूस तो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगावंसं वाटलं ते तुम्हालाच. या विषयातलं आपल्या घरात तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळत होतं?

माझं काम काय ते सांगते. बोईसरच्या कारखान्यांत रसायनांच्या रिअॅक्टरचं तापमान मोजणारी यंत्रं असतात. आमचा सर्व्हर त्यांना सारखा विचारत राहतो, आणि उत्तर वाईट आलं किंवा आलंच नाही तर भोंगा वाजवतो. यंत्र गप्प झालं की सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम आम्हाला एक नंबर देते. गोम अशी, की प्रत्येक सिस्टिमचे नंबर वेगळे. 'समोरून उत्तर नाही' याचा नंबर आमच्या लिनक्स सर्व्हरवर एकशे दहा, या माणसाच्या मॅक लॅपटॉपवर साठ, जुन्या विंडोजवर दहा हजार साठ. साठ नंबर लिनक्सवरही आहे, पण तिथे त्याचा अर्थ भलताच. म्हणून मी नियम घालून दिलाय, की नंबर घरात घ्यायचा नाही. दारातच त्याचा आपल्या शब्दांत अर्थ लावायचा, 'तुटलं', 'उत्तर नाही', 'परत विचार', आणि आतल्या कोडने फक्त हेच शब्द ओळखायचे. जो नंबर ओळखू येत नाही तो धोका समजून भोंगा वाजवायचा. एवढं साधं आहे.

हा नियम मी कॉलेजात शिकले नाही, आपल्या सरावलीच्या खोलीत शिकले. पाम गावी आजीच्या वाडीत तुम्ही चपला भिरकावल्यात की खुशीत असायचात. मग शहाळी उतरवायची, मला खांद्यावर घ्यायचं. सरावलीत कामावरून येऊन तुम्ही त्याच चपला तशाच भिरकावायचात, आणि मग पट्टा निघायचा. एकदा आम्ही नुकतेच पामहून परतलो होतो. मी लहान, कुठल्या घरात आहे ते विसरले. चपलांचा आवाज आला तशी धावत जाऊन तुमच्या पायांना मिठी मारली. "सोड. सोड म्हनतो ना," तुम्ही म्हणालात, आणि पुढच्या क्षणी मी ओट्याच्या कडेवर आपटले. मनगट मोडलं. थंडीत टाइप करताना ते अजून ठणकतं, आणि अजून तुमचा राग येतो.

तेव्हापासून आई दारात उभी राहायला लागली. तुमची पावलं, चपला, खाकरणं, सगळं आधी ती ऐकायची आणि आम्हा भावंडांना एकच शब्द द्यायची. "जेवा" म्हणाली की जेवायचं. "जा" म्हणाली की मागच्या दाराने शेजारी पळायचं. तिलाही कळलं नाही अशा दिवशी ती नेहमी "जा"च म्हणायची. "आज तर बाबा हसत होते," मी एकदा पानावरून उठताना कुरकुरले. "समाजला नाय तर जावाचा," ती म्हणाली. ती स्वतः मात्र कधी गेली नाही. शेजारच्या भिंतीला कान लावला की तिचं डोकं चौकटीवर आपटल्याचं ऐकू यायचं, आणि शेजारीण रेडिओ मोठा करायची.

आज सकाळी एका कारखान्यात आमचा नवा सर्व्हर चालू केला. या माणसाने माझा नियम गुंडाळून ठेवून थेट साठ नंबर लिहिला होता, आणि खाली लिहिलं होतं, दुसरा कुठलाही नंबर आला तर काही बिघडलेलं नाही, परत विचार. यंत्राची वायर निखळली. लिनक्सने एकशे दहा दिला, तो कुठेच जुळला नाही, भोंगा गप्प राहिला, आणि पडद्यावर जुनंच तापमान दिसत राहिलं. आत रिअॅक्टर तापत होता. झाकणाची फट बंद ठेवणारं गॅस्केट फुटून उकळतं रसायन उडालं तेव्हा ऑपरेटर खालीच उभा होता. मी पोचले तेव्हा त्याच्या दोन्ही हातांची कातडी हातमोज्यासारखी सुटून लोंबत होती. तो ओरडत नव्हता. गाडीत घालताना मला म्हणाला, "मॅडम, परद्यावर तर बराबर दाखवत व्हता. मंग मी कशाला पलीन?" खरंच उत्तर हवं असल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. हात वाचतील की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत.

ऑफिसात परतले तर हा म्हणतो, "मॅडम, माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालत होतं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. पहिली बसल्यावर त्याने कोपर वर करून तोंड झाकलं, खांदे आत ओढले, एवढा बाप्या माणूस पण एवढासा झाला. त्या कोपराआड काय चालतं ते मला पक्कं ठाऊक आहे. ठाऊक असून मी कोपरावर मारलं, मग कोपर ओढून खाली मारलं. नंतर त्याने रुमालाने ओठ दाबला आणि कोड दुरुस्त करायला बसला. तक्रार केली नाही. उलट मलाच सॉरी म्हणाला, त्याची मला शिसारी आली.

उद्या सगळ्यांसमोर त्याची माफी मागणार आहे. त्या भाजलेल्या हातांमुळे माझा तोल गेला असं म्हणेन. सगळे मान डोलावतील, तोही डोलावेल. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. पहिली थोबाडीत त्या हातांसाठी होती. त्यापुढे मारताना मला बरं वाटत होतं, बाबा.