सोळा इंचांचा पीळ

प्रिय मालती,

तुला जाऊन आठ महिने झाले. या काळात मी तुला एकही पत्र लिहिले नाही, कारण जिच्याकडून उत्तर येण्याचा संभव नाही तिला पत्र लिहिणे मला तर्काला सोडून वाटते. तरीही आज लिहायला बसलो आहे, त्याला तसेच कारण घडले आहे.

काल जोशी घरी येऊन गेला. तोच, माझा जुना विद्यार्थी, आता रायफल क्लबचा चिटणीस. क्लबच्या भिंतीवर तुझ्या नावाची पाटी लावायची आहे आणि येत्या रविवारी वार्षिक स्पर्धेच्या आधी तिचे अनावरण आहे. इंग्रजी आणि तेलुगूच्या जोडीला मराठी मजकूरही असावा हा त्याचा आग्रह, आणि तो मजकूर मी तपासून द्यावा ही विनंती. त्यातले शेवटचे वाक्य असे: ‘सलग नऊ वर्षे प्रथम क्रमांक मिळवणाऱ्या मालतीबाईंनी हात कापू लागेपर्यंत नेम सोडला नाही.’

लाल शाईचे पेन घेऊन मी ते वाक्य चार वेळा वाचले. कर्ता जागेवर, क्रियापद जागेवर, अनुस्वार चोख. ज्या जोशीने दहावीपर्यंत ‘आणि’ दीर्घ लिहिला, त्याने निर्दोष वाक्य लिहावे, हा खरे तर माझ्या आनंदाचा विषय. पण मालती, ते वाक्य खोटे आहे. आणि ते खोटे जोशीला मी पुरवलेले आहे, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक आहे?

तुला आपली पहिली भेट आठवते का? मी पुण्याचा, नुकताच हैदराबादला मास्तरकीवर आलेला. तुम्ही इथले चार पिढ्यांचे, निजामाच्या काळापासून सरकारी नोकरीत. मुलीला गाता येते का, असे माझ्या मामांनी विचारले, तेव्हा तुझे वडील म्हणाले की पोरीला सांगण्यापेक्षा दाखवणे बरे जमते. मग आम्हां सर्वांना टांग्यात घालून शहराबाहेरच्या तुमच्या सीताफळाच्या बागेत नेण्यात आले. मातीच्या बांधावर चहाचा पांढरा मग ठेवला गेला. तू वडिलांची पॉइंट टू-टू रायफल उचललीस, बार काढलास, तो मग फुटून उडाला, आणि तू म्हणालीस, ‘लागलं की.’

मी म्हणालो, ‘लागला. नेम पुल्लिंगी आहे.’

तू माझ्याकडे वळून पाहिलेस. रायफल अजून तुझ्या हातात होती. इतक्या वर्षांनी विचारतो, त्या क्षणी तुझ्या मनात नेमके काय आले होते?

तुझ्या वडिलांनी त्या रायफलीने तित्तिर आणि ससे मारले. पुढे कायद्याने शिकार बंद झाली, वडीलही गेले, आणि रायफल परवान्यासह तुझ्या नावावर आली. आमच्या शाळेत ही बातमी पोहोचल्यापासून मुख्याध्यापक माझ्याशी अधिक सौजन्याने वागू लागले, हे मी तुला कधी सांगितले नव्हते.

त्या रायफलीची प्रकृती तू मला किती वेळा समजावून दिलीस. नळीच्या आत पिळाचे आटे कोरलेले असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरते, आणि फिरते म्हणूनच सरळ जाते. तुझ्या नळीत एक पूर्ण वेढा पडायला सोळा इंच लागत. हा पीळ संथ. आखूड आणि हलक्या गोळीला तो पुरतो, लांब आणि जड गोळीला पुरत नाही. ‘उंच भोवरा हळू फिरवला तर डोलतो ना? तसंच आहे हे,’ असे तू म्हणायचीस. तुझ्या वडिलांपासून त्या नळीत चाळीस ग्रेन वजनाची हलकी गोळीच गेली. मी मान डोलवायचो आणि ‘भोवऱ्याचा दृष्टांत समर्पक आहे’ असा शेरा द्यायचो. समजून मात्र काही घेतले नव्हते.

मग देशाची दारे उघडली. आपल्या नारायणगुड्याच्या चौकात परदेशी पेयांच्या पाट्या लागल्या, शेजाऱ्यांच्या दूरदर्शन संचावर तीसेक वाहिन्या आल्या, आणि करीमभाईंच्या बंदुकीच्या दुकानातही परदेशी काडतुसांची खोकी दिसू लागली. या साऱ्याला मी भर वर्गात नावे ठेवली होती. आणि त्या खोक्यावर भुललो तो मीच!

खोक्यावर कान उभारलेल्या सशाचे चित्र होते. शिकारीची खास गोळी, साठ ग्रेन वजनाची, चाळीसच्या दीडपट. पण मला मोह चित्राचा पडला नाही. खोक्यात एक माहितीपत्रक होते. दोन पाने इंग्रजी, आणि त्यात एक स्वल्पविराम चुकलेला नव्हता. देशी काडतुसांच्या खोक्यावर ‘काडतूस’ हा शब्दच तीन प्रकारांनी छापलेला मी पाहिला होता. ज्या कारखान्याला अर्धविराम कुठे द्यावा हे कळते, त्याला गोळी कळत नसेल का? जड गोळी वाऱ्याला दाद देत नाही, असे त्या पत्रकात स्वच्छ लिहिले होते. कोणत्या नळीतून, हे लिहिलेले नव्हते, आणि जे लिहिलेले नसते ते वाचण्याची मला सवय नाही.

करीमभाईंनी तिथल्या तिथे हटकले होते. ‘मास्टरसाब, ये नक्को लेओ. बीबीजी की नली को हल्की गोली होना. भारी मारे तो लोटतीच जाती.’

जड गोळी कोलांट्या खात जाते, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना पत्रक वाचून दाखवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि खोके बांधून दिले.

घरी तू सशाचे चित्र पाहिलेस आणि विचारलेस, ‘अहो, कागदावर मारायचंय मला. कागद काय पळून जाणार आहे काय?’

मग तू वडिलांची रीत काढलीस. नळी पुसायच्या गजाला घट्ट चिंधी गुंडाळलीस, गजावर कुंकवाचा ठिपका लावलास आणि गज नळीत हळूहळू सरकवलास. आट्यांबरोबर गज फिरत गेला आणि ठिपका एक फेरी मारून पुन्हा वर आला. तेवढ्यात गज किती आत गेला, ते तू शिवणाच्या टेपने मोजून दाखवलेस. सोळा इंच. पत्रक लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांनी कुंकू वापरले नसावे, आणि पोलक्याच्या मापाची टेप हे काही प्रमाण नव्हे, असे मी म्हणालो. त्यावर तू हसलीस. त्या हसण्याने मला थांबवायला हवे होते.

खोके एकच, पन्नास गोळ्यांचे. ते वार्षिक स्पर्धेसाठी राखायचे, सरावात एकही उडवू नये, हा नियमही माझाच. तू शेवटी म्हणालीस, ‘हौ, घेते बापा. नक्को म्हटलं तर महिनाभर तुमचं तोंड बघावं लागंल.’ ‘लागेल’, अशी दुरुस्ती मी केली, आणि विषय संपला.

स्पर्धेचे वर्णन तुला काय सांगू? पन्नास मीटर, दहा बार. मी मागे खुर्चीवर, छत्री मांडीवर घेऊन. पहिल्या बारानंतर तू दुर्बिणीतून कागद पाहिलास, मग मागे वळून माझ्याकडे पाहिलेस, आणि पुन्हा पुढे. दुसऱ्या बारानंतर तू माझ्याकडे पाहिले नाहीस. तुझ्या कागदावर सातच भोके निघाली, आणि तीही गोल नव्हेत, कोणीतरी जिऱ्याचे दाणे आडवे चिकटवावेत तशी. दोन गोळ्या कुठे गेल्या ते कोणालाच कळले नाही. दहावी शेजारच्या कर्नलसाहेबांच्या कागदावर सापडली. त्यांनी दहा बार टाकले होते आणि भोके अकरा भरली. पंचांनी तीन वेळा मोजणी केली. सैन्यात अशी काटकसर आपण कधी पाहिली नाही, असे कर्नलसाहेब म्हणाले.

नऊ वर्षे पहिली येणारी तू शेवटची आलीस. चहाच्या वेळी सगळे तुझ्याभोवती जमले, काय झाले म्हणून विचारू लागले. तेव्हा तू काही बोलण्याआधी मी बोललो. ‘वयोमानाप्रमाणे हिचा हात हल्ली थोडा कापतो.’

तुझ्या हातात तेव्हा कपबशी होती. भरलेला कप तू बशीत ठेवलास, आणि चिनी मातीचा एवढासुद्धा आवाज झाला नाही. ते मी ऐकले, मालती. म्हणजे, काही ऐकू आले नाही ते मी ऐकले.

परतताना तू सुलतान बाजारात रिक्षा थांबवून लोकर घेतलीस आणि पुढच्या वर्षी स्पर्धेत नाव दिले नाहीस. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. रायफल दर महिन्याला तेल देऊन पुसत राहिलीस. सुईत दोरा ओवायचा असला की मुद्दाम माझ्यासमोर येऊन बसायचीस, एका दमात ओवायचीस, आणि माझ्याकडे बघायचीस. मी वर्तमानपत्र उंच धरायचो.

तू का बोलली नाहीस? एक वाक्य पुरले असते, तेही कोणत्याही लिंगात चालले असते. मी तुझ्या हजारो चुका काढल्या. तू माझी एकही काढली नाहीस. हा संसारातला तुझा मोठा दोष, असे मला आजही वाटते.

आणि माझा दोष? स्पर्धेनंतर तिसऱ्या दिवशी मी उरलेल्या चाळीस गोळ्या घेऊन करीमभाईंकडे गेलो. काडतुसे परत घेता येत नाहीत, असे ते म्हणाले. मग कागद कसा दिसत होता ते विचारून घेतले आणि म्हणाले, ‘मैं बोलाच था ना? बीबीजी को बोलो, हाथ सलामत है.’ हा निरोप मी तुला दिला नाही. सहा वर्षे झाली. आज देतो. हाथ सलामत है.

तो कागद मात्र मी नोंदीसाठी म्हणून उचलला होता आणि शब्दकोशाच्या शेवटच्या खंडात ठेवला होता, कारण आपल्या घरात तो खंड माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. काल जोशी गेल्यावर वसुधा तारनाक्याहून आली. रायफलीचा परवाना तिच्या नावावर झाला आहे, आणि रविवारी तीही स्पर्धेत उतरणार आहे. आपल्या लेकीने सरळ प्रश्न विचारला, ‘बाबा, हिच्यात गोळी कोणती घालायची?’

ज्याला प्रत्येक विषयावर मत आहे, तो मी उठून शब्दकोशापाशी गेलो. शेवटच्या खंडातून कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

तिने तो खिडकीपाशी धरून पाहिला. तू तिला भौतिकशास्त्राला घातलेस, मी संस्कृतचा आग्रह धरला होता. ती म्हणाली, ‘बाबा, ही गोळी आडवी होऊन लागलीय. हात कापला तर भोकाची जागा बदलते. आकार नाही बदलत.’

‘मला ठाऊक आहे,’ मी म्हणालो.

‘कधीपासून?’

सांगितले. मग तिने जोशीचा मसुदा उचलला, वाचला, आणि माझे लाल पेन माझ्या हातात दिले.

मालती, इतक्या वर्षांत मी असंख्य वाक्ये खोडली, पण निर्दोष वाक्य खोडण्याची ही पहिलीच वेळ. त्या जागी लिहिले: ‘सलग नऊ वर्षे प्रथम क्रमांक मिळवणाऱ्या मालतीबाईंचा हात शेवटपर्यंत स्थिर होता. दहाव्या वर्षीची गोळी त्यांच्या पतीने निवडली होती.’ इंग्रजीत आणि तेलुगूतही हाच बदल करावा, अशी टीप समासात दिली.

वसुधाने माझ्या खांद्यावरून वाचले. ‘व्याकरण ठीक आहे,’ ती म्हणाली, ‘पण एक शब्द राहिलाय. ‘हट्टाने’.’

मी काकपदाची खूण काढून तो शब्द ओळीत घातला.

रविवारी त्या पाटीसमोर उभा राहून मी ते वाक्य मोठ्याने वाचेन, कर्नलसाहेब समोर असताना, आणि त्या एका शब्दावर आवाज खाली आणणार नाही. वसुधा चाळीस ग्रेनची गोळी घालेल. ती ‘लागलं’ म्हणाली, तर मी काही बोलणार नाही, हे तुला वचन.

तुझा अपराधी,
वामन