प्लास्टरमधली आठ नंबरची सुई

प्रति,
मा. विभागप्रमुख,
अस्थिरोग शस्त्रक्रिया विभाग,
सरकारी रुग्णालय.

विषय : उजव्या पायाचे प्लास्टर कडेने न कापता पुढून-मागून कापणे व आतील वस्तूसह अर्जदारास परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) प्लास्टर काढण्याच्या, अर्जदाराने चुकविलेल्या तीन तारखा.
२) प्लास्टर कापणाऱ्या मामांचे तोंडी उत्तर : "आजोबा, हे प्लास्टर आहे, वाढदिवसाचा केक नाही, सांगाल तिथून कापायला."

महोदय,

अर्जदार हा आवक-जावक शाखेतून निवृत्त झालेला कारकून असून, न्हाणीघरात घसरून त्याचा उजवा घोटा दोन ठिकाणी मोडला. आपण शस्त्रक्रिया करून एक पट्टी व सहा स्क्रू बसविले. कामाबद्दल तक्रार नाही. सहाव्या आठवड्यात हाड जुळल्याचे आपण सांगितले. आज चौदावा आठवडा चालू असून प्लास्टर पायावरच आहे. कारणे सादर करतो.

१. तोंडी सांगितलेले अर्जदाराच्या डोक्यात राहत नाही, असा बेचाळीस वर्षांच्या संसाराचा अनुभव असल्याने अर्जदाराची पत्नी प्लास्टरच्या बाहेरच्या कडेवर निळ्या पेनाने सूचना लिहीत असे. उदा. "गोळी जेवणानंतर. बिस्किट म्हणजे जेवण नव्हे." शेवटची सूचना चौथ्या आठवड्यातील आहे : "भाजी घेऊन येते. दार वाजलं तरी उठू नका, किल्ली आहे माझ्याकडे." त्या दिवशी दार वाजले. सूचनेनुसार अर्जदार उठला नाही. बराच वेळ वाजल्यावर खिडकीतून शेजाऱ्यांनी हाक मारली. पत्नी बाजारातच कोसळली होती. रुग्णालयात नेईपर्यंत सर्व संपले होते.

२. मामांची करवत नेमकी याच ओळींवरून जाते व कापलेले प्लास्टर कचऱ्यात टाकण्याचा नियम आहे, असे समजते. नियम योग्यच असावा.

३. सहाव्या आठवड्यातील एक्स-रेवर आपल्या शिकाऊ डॉक्टरांनी "सळई सुस्थितीत" असा शेरा मारला आहे. आपण सळई घातलेलीच नाही. ती पत्नीची विणकामाची आठ नंबरची सुई होय. खाज असह्य झाल्याने अर्जदाराने ती न विचारता घेतली व ती हातातून निसटून आत गेली. पत्नीने दोन दिवस घर पालथे घातले. अर्जदारास तीनदा विचारले. "मी कशाला घेऊ तुझी सुई?" असे अर्जदाराने तिन्ही वेळा सांगितले, व वर वेंधळेपणाबद्दल तिलाच चार शब्द ऐकवले.

४. प्लास्टर निघेल तेव्हा सुई तिच्यासमोर पडणार, हे अर्जदार जाणून होता. ती काय काय बोलेल याची त्याने मनाशी उजळणीही केली होती. आता सुई करवतीच्या आवाजात पत्र्याच्या बादलीत पडेल आणि कोणीच काही बोलणार नाही. तीन तारखा चुकण्याचे खरे कारण हे आहे. पाय दुखत असल्याचे कळविले होते, ते खोटे होते.

तरी विनंती की, प्लास्टर अक्षरे वाचवून कापावे व सुई अर्जदाराच्या हाती द्यावी. तसेच त्या वेळी कामावर असलेल्या एखाद्या वयस्क परिचारिकेने अर्जदारास दोन मिनिटे चांगले फैलावर घ्यावे. त्याची बोलणी खायची राहिली आहेत.

चौथी तारीख न चुकविणारा,
(सही)
रुग्ण क्र. २१७
दि. ४ मार्च

सोबत :
१) प्लास्टरवरील मजकुराची नक्कल.
२) एक्स-रे.
३) जोडीची दुसरी सुई, अर्ध्या स्वेटरसह. पाहून परत करावी. टाके सुटू देऊ नयेत.