देऊळ आपलंच ठरलं

अण्णा, निकाल लागला. आपलं महादेवाचं देऊळ खासगी ठरलं, म्हणजे आपल्या घराचं. तुम्ही गेल्याला पंचवीस वर्षं होत आली. तुम्हाला हवं होतं तेच झालंय, आणि आनंदानं हे तुम्हाला सांगेल असं घरात कुणी नाही, म्हणून मी लिहायला बसले. दमलेय फार. दीड वर्ष धर्मादाय कचेरीच्या बाकावर बसून कंबर गेली. आपला पुकारा व्हायचा तो पुढची तारीख ऐकण्यापुरता.

गिरगावातली आपली वाडी पुनर्विकासात गेली. दादानं बिल्डरशी करार केला आणि महिन्याभरात भाडेकऱ्यांनी अर्ज टाकला, की देऊळ सार्वजनिक आहे, त्याची ट्रस्ट म्हणून नोंद करा. तीन पिढ्या आम्ही इथं दर्शनाला येतोय, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण आमचे वकील म्हणाले, लोक येतात का, हा मुद्दाच नाही. हक्कानं येतात की घरच्यांच्या परवानगीनं, एवढंच बघतात. मला हसू आलं. हे मी तुमच्याकडून कितीदा ऐकलं होतं.

पहाटे पाचला तुम्ही स्वतः कुलूप काढायचात. गाभारा धुवायचात, मग पंचा गुंडाळून दारातच उभे राहायचात, आलेल्याला तीर्थ द्यायला. कुणाची मुलगी दहावीला आहे, कुणाच्या सासूचा पाय मोडलाय, सगळं तुम्हाला माहीत. ऑफिसात दिवसभरात जेमतेम दहा-बारा शब्द बोलणारा माणूस तिथं मोकळा व्हायचा. आणि तरी पितृपक्षातला एक दिवस तुम्ही देऊळ बंद ठेवायचात. तुमच्या वकिलांनी सांगितलं होतं, वर्षातून एकदा दार लावा, म्हणजे कुणी हक्क सांगणार नाही. ‘खासगी देवालय. आज दर्शन बंद.’ तुमच्या टपोऱ्या अक्षरातली पाटी. आईला ते कधी पटलं नाही. तुम्ही म्हणायचात, “सार्वजनिक झालं की कमिटी येईल. मग मलाच आत जायला चिठ्ठी लागेल.”

मी कॉलेजात होते त्या वर्षी तुम्ही मला दाराशी बसवलंत आणि वर जेवायला गेलात. आपल्याच भाडेकऱ्यांतली, वाडीच्या तोंडाशी बेल-फुलं विकणारी मावशी आली. तिच्या नवऱ्याचं परळच्या इस्पितळात ऑपरेशन होतं. पाटी तिला वाचता येत नव्हती. मी सांगितलं, आज बंद आहे.

“बंद? देवळाला कसली सुट्टी गो?” मग माझ्या तोंडाकडे बघून तिचा आवाज खाली आला. “पाच मिन्टं सोड बाय. त्याला आपरेशनला घेतल्यानी.”

मी बाजूचं दार उघडलं. ती आत पाच मिनिटंसुद्धा नव्हती. बाहेर आली तेव्हा तुम्ही जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होता. बाजूला होऊन तिला वाट दिलीत. ती गेल्यावर मला म्हणालात, “उद्या कुणी शपथेवर विचारलं, तर काय सांगशील?” तेवढंच. मग माझ्यासमोर डायरी उघडून तुम्ही लिहिलंत, ‘आज देवालय पूर्ण दिवस बंद.’ तिचा नवरा वाचला. पुढच्या सोमवारी ती बेल घेऊन आली, तुम्ही त्याची चौकशी केलीत, आणि झाल्या प्रकाराबद्दल आपल्यापैकी कुणी कधी बोललं नाही.

कचेरीत तुमच्या डायऱ्या हजर केल्या. तुम्हाला त्या लिहिताना पाहिलेली मीच, म्हणून मला साक्षीला उभं केलं. समोरची वकील माझ्या मुलीच्या वयाची. नेमकं तेच पान तिनं उघडलं असं नाही, ती प्रत्येक वर्षाचं विचारत होती.

“त्या दिवशी कुणीच आत गेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे?”

दादा समोर बसला होता. मी म्हटलं, “एका वर्षी एक बाई गेली होती.”

ती पुढे सरकली. “कशी गेली?”

“मी जाऊ दिलं.”

मला वाटलं, आता आपली केस बुडाली. अण्णा, मला थोडं बरंही वाटलं. पण त्या मुलीचा चेहरा उतरला, आणि आमच्या वकिलांनी मान न उचलता तेवढं लिहून घेतलं. जाऊ दिलं, म्हणजे परवानगीनं गेली. बंद दारातून आत जायलासुद्धा घरच्या माणसाला विचारावं लागलं. निकालपत्रात माझं ते वाक्य आहे. आणखीही कारणं आहेत, पण ते आहे.

मावशी आता नाही. तिचा मुलगा अर्जदारांमध्ये होता. बाहेर पॅसेजमध्ये तो माझ्याकडे आला तेव्हा मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागले.

“ताई, तुम्ही खरं तेच बोललात,” तो म्हणाला. “आई पण हेच सांगायची. ताईनी सोडलं म्हणून.”

त्यानं रागावायला हवं होतं. त्याच्या आईनं जन्मभर माझे उपकार मानले, आणि तेच त्यांच्या अंगावर आले. खरं तर तिनं आधी काय विचारलं होतं? देवळाला कसली सुट्टी. ते मला कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निकाल फिरला असता का, ठाऊक नाही. ते वर अपील करणार म्हणतात. करोत.

पिंडी नव्या टॉवरच्या पोडियमवर जाणार आहे, पार्किंगच्या वर. गेटवर वॉचमन नाव लिहून घेईल. कमिटी आली नाही, अण्णा, पण चिठ्ठी आलीच.

हे पत्र फाडूनच टाकेन, त्यामुळे एक सांगून टाकते. करारावर दादाच्या खाली माझीही सही आहे. परवा नकाशा पुढे ठेवून त्यानं विचारलं, तुला कुठल्या बाजूचा फ्लॅट हवा. मी रस्त्याकडचा मागितला. आवाज फार येईल, तो म्हणाला. चालेल म्हटलं. खिडकीतून देऊळ दिसायला नको.